कोपराची रेघ

"हात लांब कर. अजून. खांदा पुढे आणू नकोस, नुसता हात."

ती गुडघे टेकून मातीत बसली होती, उजवा हात समोर ताणलेला. बोटांची टोकं जिथं पोचली तिथं आबांनी खुंटी धरली आणि ठोकायला सुरुवात केली. माती अजून थंडीनं आखडलेली होती. खुंटी आत जाता जाईना. ठक, ठक, ठक. घाव खुंटीवर बसत होता, आणि हात आखडत होता तिचा.

"हं. आता पलीकडून."

ती उठली, वळसा घालून पलीकडे गेली, पुन्हा बसली, पुन्हा हात ताणला आणि बोटं त्याच खुंटीला लागेपर्यंत गुडघ्यांवर सरकत पुढे आली. जिथं तिचे गुडघे थांबले तिथं वाफ्याची कड ठरली. आबांची रीतच ती. वाफ्यात पाऊल पडता कामा नये. दोन्ही कडांवरून हात मधोमध पोचला पाहिजे. कुणाचा हात, हा प्रश्न या घरात कधी पडलाच नव्हता.

घरात तिला सगळे पट्टी म्हणत. आबांनी जन्मभर दारं-खिडक्या केल्या. खिशात टेप असायची, पण ती लाकडापुरती. घर बांधायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "टेप भिंतीला विचारते. मला माणसाला विचारायचंय." माणूस म्हणजे आई. आईला उभं करून त्यांनी कडी कुठे लावायची ते ठरवलं, तिचा हात वर करवून फळ्या ठोकल्या, तिला खिडकीशी बसवून खिडकीची कड आखली. दादा पुढे उंच निघाला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर कपाळ आपटत मोठा झाला. पट्टी मात्र वाढत वाढत आईच्या उंचीला आली आणि तिथंच थांबली. ती थांबली त्याच वर्षी आई गेली. त्यानंतर काही नवं करायचं झालं की आबांची हाक यायची, "पट्टी, ये गं, उभी राहा जरा."

लहानपणी त्या हाकेचं काय अप्रूप होतं तिला! सगळं घर आपल्या अंगाला विचारून उभं राहतं, असं वाटायचं.

आज थंडी सरत आली होती. हवा फिरायच्या आत बाग आखायची आणि घराची डागडुजी उरकायची, असं गेल्या महिन्यापासून घाटत होतं. गवंडी उद्या यायचा होता. आणि उद्याच, सकाळी, तिलाही एक उत्तर द्यायचं होतं.

गावातल्या शिंप्याच्या दुकानात ती कपडे बेतत असे. शिवणारे बाकीचे, कापडावर कात्री चालवायची ती हिनं. हिवाळ्याच्या तोंडाला एक बाई दुकानात आली होती, दूर बंदराच्या शहरातल्या नाटकघराचा कपडेपट सांभाळणारी. तिथं उभ्या उभ्या तिनं पट्टीची कात्री पाहिली. टेप न लावता, माणसाकडे नुसतं बघून पट्टीनं बाही बेतली तेव्हा बाई म्हणाली, "तू इथं काय करतेस गं?" परवा त्याच बाईचा फोन आला. नवं नाटक उभं राहतंय, झाडांना पालवी फुटायच्या आत माणूस हवं, सोमवारी सकाळी हो किंवा नाही सांग. मधलं काही सांगू नकोस.

हो म्हणायचं, हे तिनं फोन ठेवता ठेवताच ठरवलं होतं. राहिलं होतं ते आबांना सांगणं. आणि आबांना सांगितल्याशिवाय तिच्या तोंडून तो हो निघणार नव्हता, हे ती स्वतःला चांगली ओळखून होती.

"आबा, मला एक सांगायचंय."

"सांग की. आधी ते टोक धर."

तिनं सुतळीचं टोक धरलं. आबा दुसरं टोक घेऊन खुंटीखुंटीला वेढे देत निघाले, गुडघा दुखतोय म्हणून जरा एका अंगावर कलत, तोंडानं गुणगुणत:

वाफ्याच्या कडेला गं, सोडली पायवाट

आईची ओवी. बागेत पाणी घालताना ती जोडायची आणि दुसऱ्या दिवशी विसरून नवी जोडायची. ही तेवढी राहिली. तिला दुसरी ओळ होती, पण आबा पहिलीवरच थांबत.

"इथं वाटाणा. तिकडं पालक, लसूण. कुंपणाला गुलाब, तुझ्या आईला हवा होता तसा, वेडावाकडा चढणारा. आणि ह्या कोपऱ्यात अंजीर."

"अंजीर?"

"फळ धरायला वेळ घेतं. घेऊ दे. आपल्याला कुठं जायचंय? तुझ्या हाताला येईल असं छाटत नेऊ." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "काय सांगत होतीस?"

ती वाफ्यांच्या मधोमध उभी होती. चहूबाजूंनी सुतळी, पोटरीच्या उंचीवर, ताठ. ओलांडायची म्हटली तर एक पाऊल. तिचा पाय उचलेना.

"काही नाही," ती म्हणाली. "थंडी वाजतेय तुम्हाला, आत चला."

दादा-वहिनी आले ते दारातूनच बोलत. त्यापाठोपाठ धप्प असा आवाज आणि दादाचं "आई गं!"

"दिला चौकटीनं आशीर्वाद," वहिनी म्हणाली. "आबा, ह्यांच्या कपाळासाठी तरी ती चौकट वर घ्या. नाहीतर तिला उशी बांधा."

"चौकट बरोबर आहे. तुझा नवरा चुकलाय."

"ते मला लग्नानंतर कळलं."

दादा हसत कपाळ चोळत बसला. वहिनीनं शहरातून रोपांची टोपली आणली होती, ओल्या कागदात गुंडाळलेली. जेवण आटोपल्यावर दादानं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलं आणि पेन्सिलीनं घर काढलं. नवा ओटा, खिडकी रुंद, न्हाणीघरात धरायला दांडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून एक चौकोन त्यानं दोनदा गिरवला.

"ही अडगळीची खोली रिकामी करायची. पट्टे, ही तुझी. वरच्या माळ्यावर किती दिवस झोपणार? जिना नको, काही नको. आबांची खोली इकडे, तुझी तिकडे, मधे एक दार. रात्री आबा खोकले की तुला लगेच ऐकू येईल."

"मी खोकतो कुठं?"

"खोकाल तेव्हा," दादा म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. हसता हसता तिनं त्या चौकोनाकडे पाहिलं. एका भिंतीला आबांचं दार, एका भिंतीला स्वयंपाकघराचं. बाहेर उघडणारं दार दादानं काढलंच नव्हतं. विसरला असेल. मुद्दाम न काढण्याइतका दुष्टावा त्याच्यात नव्हता. घरात कुणातच नव्हता. तेच तर अवघड होतं. कुणी दटावलं असतं, दार लावून घेतलं असतं, तर तिनं कडी काढली असती. ती कडी तिच्याच हाताच्या उंचीवर होती.

"दादा, मला वाटतं, खोलीचं जरा थांबू या."

"का? तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

"म्हणूनच म्हणते."

"लाजतेय ती," आबा म्हणाले आणि उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मघापासून काहीतरी लपवून ठेवल्याचा आनंद मावत नव्हता. "चला रे सगळे. शेडमध्ये चला. खरं तर बाग बहरली की दाखवणार होतो, पण राहवत नाही."

शेडमध्ये लाकडाचा भुसा दरवळत होता. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं. आबांनी गोणपाट ओढलं. शिवणाचं टेबल. कडा गोल घासलेल्या, मशीनसाठी खाच, उजव्या हाताला कात्रीचा खण, कापड पसरायला पंखासारखी उघडणारी फळी. रंधा इतका मऊ फिरला होता की लाकडावर उजेड सांडल्यासारखा दिसत होता.

"बस."

ती बसली. गुडघे खाली अलगद शिरले. कोपरं फळीवर टेकली ती जणू रोजच टेकत असल्यासारखी. हात खणाकडे गेला. खण तिथंच होता, बोटांपाशी. तिनं आयुष्यभर लोकांच्या अंगावर कपडे बेतले, पण इतका नेमका बेत तिला कधी साधला नव्हता. कुठंही ढिलं नाही, कुठंही तंग नाही. श्वास घ्यायला मात्र जागा हवी असते, कापडातसुद्धा, हे आबांना कुणी सांगितलं नव्हतं.

"माप कधी घेतलंत?"

"घ्यायला कशाला लागतं? तू समोरच असतेस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाचं. "बघा, रडवलंत पोरीला," दादा म्हणाला, आणि आबा नाक पुसत शेडबाहेर गेले.

स्वयंपाकघरात भांडी घासायला दोघीच उरल्या. वहिनी बुटकी, फळीवरची बरणी काढताना तिला नेहमी चवड्यांवर उभं राहावं लागे.

"वन्सं," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ते टेबल बघून तुम्ही रडलात ते मी पाहिलं. माझ्या लग्नात अशीच मी रडले होते. काय आहे पोटात, बोला."

पट्टीनं सांगितलं. कपडेपट, बंदराचं शहर, सोमवार सकाळ. ताट हातात तसंच धरून सांगितलं, पाणी वाहत राहिलं.

वहिनीनं नळ बंद केला. बराच वेळ ती फडक्यानं एकच वाटी पुसत राहिली.

"जावंसं फार वाटतंय?"

"फार."

"मग आबांकडे कोण बघणार?" असं म्हणून झाल्यावर ती ओशाळली. "बघा, माझ्या तोंडून पहिलं हेच आलं. रागावू नका. आम्ही तिकडं निवांत झोपतो ते तुम्ही इथं आहात म्हणून. तुम्ही इथं असणारच, असं धरून चाललो आम्ही. तुम्हाला विचारलं कुणी नाही."

"मीही कुठं बोलले?"

"मी कुणाला सांगणार नाही. पण आज तरी नका बोलू. ह्यांनी गवंड्याला किती मिनतवाऱ्या करून बोलावलंय. आबा किती खूष आहेत. चार दिवस जाऊ देत."

"चार दिवसांत ओटा होईल, वहिनी. खोली होईल. अंजीर लागेल. मग बोलू?"

वहिनीनं नळ सोडला. पुसलेली वाटी तिनं पुन्हा पाण्याखाली धरली.

तेवढ्यात हाक आलीच. "पट्टी, ये गं, उभी राहा जरा!" आणि आबा कानावर पेन्सिल लावून स्वयंपाकघरातच आले. मागे दादा.

ओट्याची जुनी फळी भिंतीपासून सोडवून बाजूला ठेवली होती. भिंतीचा तेवढा पट्टा कित्येक वर्षांनी उघडा पडला होता, फिकट, कोवळा. ती भिंतीला लागून उभी राहिली, हात कोपरात दुमडून. आबांनी कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिल टेकवली, मग थबकले. वाकून भिंतीशी डोळे नेले.

"अरे, हे बघा!"

तिथं आधीच एक रेघ होती. जुनी, सुताराच्या जाड पेन्सिलीची, चुन्यात अर्धी बुडालेली. आईची.

"तंतोतंत!" आबांचा आवाज कापत होता. "केसाचा फरक नाही. नवीन आखायचीच गरज नाही बघ. तीच रेघ, तोच ओटा."

पट्टीनं वळून त्या रेघेकडे पाहिलं. आईचं कोपर इथं होतं. इथंच आई उभी राहायची, सकाळ-संध्याकाळ, खिडकीबाहेर बघत ओव्या जोडत, आणि बाहेर कुठं तिची नजर जात होती ते कुणी विचारलं नव्हतं, कारण ओटा तिच्या मापाचा होता, आणि मापात बसलेल्या माणसाला काय विचारायचं? पट्टीला वाटलं, ही रेघ आपल्या जन्माआधीपासून आपली वाट बघत होती. आपण फक्त येऊन तिला टेकलो.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही उभे राहा."

"मी कशाला?"

"राहा ना. पेन्सिल द्या इकडे."

आबा हसत भिंतीशी गेले. "शिंपीण सुताराचं माप घेते म्हणे!" त्यांनी हात दुमडला. पट्टीनं त्यांच्या कोपराला हात लावला. आबा वाकलेत, हे ती रोज बघत होती. किती वाकलेत, ते तिच्या हाताला आत्ता कळलं. चार बोटं सोडून तिनं रेघ मारली. ती आईच्या रेघेच्या बरीच खाली आली.

आबा वळले. दोन्ही रेघांकडे बघत राहिले. "हे कुठलं माप?"

"जो या ओट्यावर काम करणार, त्याचं."

दादाला काही कळलं नाही. वहिनीनं मान खाली घातली. आबांनी मात्र आयुष्यभर मापंच घेतली होती. त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

"कुठं?" एवढंच ते म्हणाले.

"बंदराच्या शहरात. नाटकघराच्या कपडेपटात. सकाळपासून सांगायचं होतं. तुम्ही सुतळी दिलीत हातात."

"केव्हा?"

"पालवी फुटायच्या आत."

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना?" दादा पुढे आला. "बाग, खोली, सगळं तुझ्यासाठी—"

"कुणी ठरवलं, दादा?"

"म्हणजे? आबांना एकटं टाकून तू कपडे शिवत बसणार नाटकवाल्यांचे?"

"तू शहरात गेलास तेव्हा आबांना टाकून गेलास, असं कुणी म्हणालं नाही."

"मी गेलो तेव्हा तू होतीस!"

बोलून गेला आणि स्वतःच थांबला. आबा दोघांच्या मधून वाट काढत, कुणाकडे न बघता, बाहेर निघून गेले.

खिडकीतून ती बघत राहिली. आबा वाफ्यापाशी गेले. दुखरा गुडघा हातानं धरून सावकाश खाली बसले. हात समोर ताणला. बोटं मधल्या खुंटीपर्यंत पोचली नाहीत. खांदा पुढे आणला, तरी नाहीत. थोडा वेळ ते तसेच राहिले, मातीवर हात पसरून, हरवलेलं काही चाचपडत असल्यासारखे. आपण जाते म्हणालो ते चुकलंच, असं तिला वाटून गेलं. आत्ता धावत जावं आणि म्हणावं, राहू दे सगळं, मी थट्टा केली.

मग आबांनी कडेची खुंटी धरली आणि उपटली.

सुतळी सैल पडली. त्यांनी खुंटी आत सरकवली, ठोकली. मग पुढची. तिसऱ्या खुंटीला सुतळी ताणायची वेळ आली तेव्हा दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते दगडाखाली दाबून बघू लागले, दगड घसरला.

ती बाहेर गेली. काही न बोलता टोक धरलं.

"घट्ट," आबा म्हणाले.

तिनं घट्ट धरलं. वाफा एवढासा झाला होता, आणि त्याच्या कडेनं जाणारी वाट ऐसपैस. दोघं शेजारी चालू शकतील अशी, नाहीतर एखादा म्हातारा काठी टेकत. आबा खुंट्या ठोकत पुढे सरकत होते. थोड्या वेळानं सवयीनं त्यांच्या तोंडून आलं:

वाफ्याच्या कडेला गं, सोडली पायवाट

आणि ते थांबले, नेहमीच्या जागी. पट्टीच्या ओठांवर दुसरी ओळ आपसूक आली.

जाणारीची पाठ, दिसू दे गं

आबांनी वर पाहिलं नाही. "ताण जरा," ते म्हणाले. "झोळ पडतोय."

सकाळी गवंडी आला. भिंतीवर दोन रेघा बघून त्यानं टोपी मागे सारली. "मालक, ह्यातली कुठली?"

स्वयंपाकघरात सगळे होते. दादा रात्रभर नीट झोपलेला दिसत नव्हता; तो आणि वहिनी आता आलटून पालटून यायचं म्हणत होते, अजून भांडत भांडत. पट्टी खिडकीशी उभी होती, फोन हातात.

"खालची," आबा म्हणाले. "आणि दोन खोल्यांमधलं ते नवं दार करायचं नाही. मला कुणी खोकताना ऐकायला नको."

"वरची पुसून टाकू?"

"टाइल्स बसतील तिच्यावर. पुसायची कशाला?"

पट्टीनं त्या दोन रेघांकडे पाहिलं. जायला मोकळी झाले, असं तिला वाटायला हवं होतं. त्याऐवजी कुणीतरी आपल्या अंगातून माप काढून घेतल्यासारखं वाटलं. पुन्हा येईल तेव्हा या ओट्याशी तिला वाकावं लागेल, वाफ्यात हात नको तितका पुढे जाईल. घर तिला ओळखेल, पण चाचपडत.

"आबा," तिनं विचारलं, "त्या टेबलाचे पाय सुटतात का?"

"नाही." आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "खाचेत ठोकून, डिंक भरून बसवलेत. हलवायचं असेल, असं कुठं वाटलं होतं मला?" मग जरा थांबून: "राहू दे ते. तेवढं एक तुझ्या मापाचं राहील. त्याला मी हात लावायचा नाही."

गवंड्यानं छिन्नी लावली. पहिला घाव भिंतीवर पडला आणि तिनं दचकून हात आखडला, काल खुंटीला आखडला होता तसाच. मग ती आवाजापासून दूर, बागेत गेली. अंजिराचं रोप अजून ओल्या कागदातच कोपऱ्यात टेकून ठेवलेलं होतं. ते कुणाच्या हाताला येईल असं लावायचं, हे ठरायचं राहिलंच होतं. तिनं सुतळी ओलांडली, रुंद झालेल्या वाटेवर उभी राहिली आणि बाईंचा नंबर लावला.